आज डोकं किती?

भाजीबाजारात माणूस आयुष्यभर बसला की शेवटी भाजीपेक्षा गोष्टीच जास्त उरतात. उरलेली भाजी संध्याकाळी पडत्या भावात देऊन टाकता येते. गोष्टींना मात्र गिऱ्हाईक लागतं, आणि ते बसून ऐकणारं लागतं. तुम्ही बसलाच आहात, तर सांगतो.

मी अमरावतीच्या बाजारात पालेभाजी विकतो. माझ्या डाव्या हाताला कमलाबाई, वांगी-टमाटेवाली. उजवीकडे रफीकभाई, लसूण-अद्रकवाले, मूळचे बाळापूरचे. समोर नामदेव, कांदे-आलूवाला. हे तिघे नसते, तर माझ्या आजारात हसण्यासारखं काहीच नव्हतं!

*

साठी उलटल्यावर एका सकाळी मला झटका आला. आयुष्यात पहिल्यांदा. मला आठवतं ते इतकंच, की हातात शेपूची जुडी होती. मग एकदम आभाळ दिसलं.

शुद्धीवर आलो तेव्हा जीभ चावली गेली होती, अंग दुखत होतं, आणि डोक्यावर भांडण चालू होतं.

नामदेवने माझ्या नाकाशी कांदा धरला होता. आमच्याकडे झटका आला की कांदा हुंगवतात, नाहीतर चप्पल. चप्पल घेऊनही कोणीतरी उभा होताच.

कमलाबाई ओरडत होती, "अरे, लाल कायले धरला? पांढरा धर, पांढरा! त्याचा वास जास्त रायते!"

नामदेव म्हणाला, "पांढरा महाग हाय ना वो बाई!"

डोळे उघडल्यावर मी ऐकलेलं पहिलं बोलणं ते. तेवढ्यावरून मला कळलं, की मी मेलेलो नाही आणि बाजारातच आहे.

*

महिन्याभरात घरी दुसरा झटका आला. माझा मुलगा गजानन घाबरला. त्याने एकच धोशा लावला, "बाबा, आता बाजारातली जागा सोडा. मी देतो ती कोणाले तरी."

ती जागा म्हणजे एक पोतं पसरण्याइतकी जमीन. पण माझा बाप तिथे बसला, मग मी बसलो. मला बोलायला वेळच लागतो. पण जागा सोडायची नाही, हे मी मनात ठरवून टाकलं.

*

लेक अकोल्याला असते. तिने तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. डोक्याला वायरी चिकटवून पट्टी काढली. मग त्या धडधडणाऱ्या नळीत झोपवून फोटो काढले. सगळे रिपोर्ट नॉर्मल!

डॉक्टर म्हणाले, "काका, कधीकधी कारण सापडतच नाही. पण रोजची गोळी चुकवायची नाही, झोप मोडायची नाही. आणि पुन्हा झटका आलाच, तर कुशीवर वळवायचं, तोंडात-नाकाशी काही धरायचं नाही."

बाजारात आलो. तिघे वाटच पाहत होते. मी सांगितलं, "डोक्यात काईच निंगालं नाई. सगळं नॉर्मल."

कमलाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नॉर्मल? मंग त्या दिवशी मेथीवर पडलं कोण, मी?"

नामदेव आपला विचारात पडलेला.

रफीकभाईंनी मात्र दोन्ही हात वर केले. "शुक्र है! मतलब भाऊच्या डोक्यात दिमाग हाय, हे तर फोटोत पक्कं झालं. या नामदेवले तर शक होता!"

*

गोळ्यांनी झटके थांबले. पण जाताना ते डोकेदुखी ठेवून गेले, जसा एखादा पाहुणा त्याची पिशवी आपल्या घरी विसरून जातो. रोज दुपार झाली की कपाळ ठणकायचं. उजेड नको, आवाज नको, हिंगाच्या फोडणीचा वास नको असं व्हायचं.

मग बाजारभरचे डॉक्टर जागे झाले. एकाने सुंठ उगाळून लावली. कमलाबाईने मिरच्या-मीठ घेऊन दृष्ट काढली आणि त्या धुराने आमची अख्खी ओळ खोकत रस्त्यावर गेली. एक वरूडचा संत्र्यांचा व्यापारी म्हणाला, संत्र्याची साल कपाळाला लावून बसा.

बसलो. दोन्ही कानशिलांवर साली, वरून दुपट्टा बांधलेला.

एक बाई आली. मेथी पाहिली, पालक पाहिला, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "संत्रे कसे देल्ले भाऊ?"

*

"आज डोकं किती?" असं कमलाबाई रोज सकाळी विचारायची. आता दुखणं कसं सांगणार? आम्हाला तर एकच माप येतं. मी सांगायचो, "पावभर." जास्त असलं की "अर्धा किलो." फारच झालं की "किलो." मग सगळ्यांना कळायचं, की आज भाऊशी कमी बोलायचं.

अकोल्याला डॉक्टरांनी विचारलं, "काका, एक ते दहामध्ये डोकं किती दुखतं?"

मी थोडा विचार केला आणि म्हटलं, "साहेब, अर्धा किलो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी माप समजावून सांगितलं. ते इतके हसले, की बाहेरून सिस्टर डोकावली. पुढच्या खेपेपासून मला बघितलं की तेच विचारू लागले, "काका, वजन किती?"

एकदा नवी सिस्टर होती. तिने ते ऐकलं आणि मला हाताला धरून वजनकाट्यावर उभं केलं. म्हणाली, "अठ्ठावन्न."

अठ्ठावन्न किलो डोकेदुखी! डॉक्टर खुर्चीतून उठलेच!

*

गजानन मला मोटारसायकलवर बाजारात आणायचा. मागे बसल्या बसल्या झटका आला तर काय, या भीतीने तो दुपट्ट्याने मला स्वतःच्या पाठीशी बांधून घ्यायचा. चांगली दोन गाठींनी.

चौकात पोलिसाने थांबवलं. "काय गा, म्हाताऱ्याले पळवून नेऊन राह्यला काय?"

"बाप हाय साहेब."

"बाप हाय तं बांधला कायले?"

गजाननचे कान लाल झाले. मी मागूनच हळू म्हटलं, "साहेब, हा लहान होता, तवा मी याले असाच पाठीले बांधून वावरात न्यायचो. तवा मले कोणी इचारलं नाई."

पोलिसाने आमच्यासाठी अख्खा चौक थांबवला.

*

डोकं मात्र थांबेना. डॉक्टरांनी एकदा नीट चौकशी केली. "दुखल्यावर गोळी खाता का?"

"खातो."

"कोणती?"

"जो जे देते ते."

"कोण देतं?"

"सगळेच देतात साहेब. खूप जीव लावतात."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, दुखण्यावरच्या गोळ्या रोज रोज खाल्ल्या, की त्यांनीच डोकं दुखत राहतं. झटक्याची रोजची गोळी कायम चालू ठेवायची. बाकीच्या, लोकांनी दिलेल्या सगळ्या बंद!

हे ऐकून कमलाबाई बाजाराच्या मधोमध उभी राहिली. "आयका रे सगळे! भाऊले कोणी डोक्याची गोळी देल्ली, तर त्याच्या मालावर मी बकेटभर पाणी ओतीन!"

सगळे हसले. दुसऱ्याच दिवशी माझा चेहरा पाहून नामदेवचा हात सवयीने खिशात गेला. गोळी अजून माझ्या हातावर पडायची होती, तोच त्याच्या कांद्यांवर पाणी पडलं!

दिवसभर तो एकेक कांदा पुसून उन्हात मांडत होता. त्यानंतर कितीतरी दिवस मला भेटला, की नामदेव आधी दोन्ही रिकामे हात दाखवायचा आणि मगच बोलायचा.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. डोकं जास्तच दुखलं. डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. मग हळूहळू किलोचं अर्धा झालं, अर्ध्याचं पाव. मधे मधे काहीच नाही, असेही दिवस येऊ लागले. पहिल्या अशा दिवशी मी कमलाबाईला म्हटलं, "आज डोकं रिकामं हाय." तिने पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "ते तं पयल्यापासूनच हाय!"

*

तरी गजाननचं समाधान होईना. शेवटी तो बाजारात सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबा, एक रविवार पूर्ण बसून दाखवा. सकाळपासून दिवे लागेपर्यंत. डोकं दुखते म्हणून उठून घरी आले, तर जागा सोडायची. बसले, तर मी पुन्हा काही बोलणार नाही."

रविवार म्हणजे आमच्याकडे सगळ्यात गर्दीचा दिवस. प्रत्येकजण बेंबीच्या देठापासून ओरडतो. न ओरडता भाजी खपते, असं आमच्यात कोणी मानतच नाही.

आणि नेमका त्याच रविवारी सकाळपासून माथा ठणकायला लागला. मी कोणाला बोललो नाही. गोणपाट पसरलं, जुड्या मांडल्या. कमलाबाईने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग ती उठली, रफीकभाईंच्या कानाशी काही बोलली, नामदेवकडे गेली, तिथून पुढे ओळीच्या टोकापर्यंत गेली.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की ओळीत कोणी ओरडतच नाही.

नामदेव भाव बोटांनी दाखवत होता. रफीकभाईंनी तराजूच्या पारड्याखाली पोतं टाकलं होतं, खणकन वाजू नये म्हणून. एक हातगाडीवाला "केळीऽऽ" म्हणून सुरू झाला, तर चारी बाजूंनी त्याला गप्प राहायच्या खुणा झाल्या. तो बिचारा केळं उंच धरून मुक्यानेच पुढे गेला. गिऱ्हाइकंसुद्धा कुजबुजत घासाघीस करू लागली. आणि माल नेहमीसारखाच खपत होता!

दुपार झाली. मी बसलो होतो. दुपार उतरली. मी बसलोच होतो.

दिवे लागले, तेव्हा गजानन आला. कोपऱ्यावर उभा राहून त्याने ती मुकी ओळ पाहिली, मला पाहिलं. एक पोतं ओढून माझ्याशेजारी बसला आणि उरलेल्या मेथीच्या जुड्या नीट लावू लागला.

तेवढ्यात एक बाई पिशवी घेऊन आल्या. सगळीकडे बघून त्या कमलाबाईजवळ वाकल्या आणि दबक्या आवाजात विचारू लागल्या, "काय झालं वो? बाजारातलं कोणी गेलं काय?"

कमलाबाई त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "नाई वो बाई. आमचे भाऊ पैज जितून राह्यले."