बारा वाजून दहा मिनिटांची हाक

मार्चमधला दुसरा रविवार, वर्तकनगरचं आमचं घर. तपासणीची फी साडेचार हजार. हजर: मी, बायको वैशाली, मेंदूचा आलेख काढणाऱ्या शिर्केताई आणि पलंगावर माझा धाकटा भाऊ सुनील. आधीच सांगतो, भुताखेतांवर, टेलिपथीवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. घडलं तेवढं लिहितोय.

अपघाताला सात महिने झालेले. सुनील डोळे उघडतो, पण ओळख नाही. डॉक्टर म्हणाले, "हाकेला मेंदू प्रतिसाद देतो का बघू. देत नसेल, तर फिजिओथेरपीत अर्थ नाही."

शिर्केताईंची टोपी कोरड्या इलेक्ट्रोडची होती. जेल नाही, पेस्ट नाही. बारीक दाते केसांतून थेट टाळूला टेकतात.

दहा हाका मी मारल्या, दहा वैशालीनं. प्रत्येकीची वेळ वहीत लिहिली. प्रतिसाद शून्य... फक्त बारा वाजून दहा मिनिटांनी एक ठळक उसळी. तेव्हा खोलीत कोणीच बोललं नव्हतं!

"टोपी हलली असेल," मी म्हणालो.

"हलली की रेघ वेडीवाकडी होते, दादा. ही तशी नाही. पण एका उसळीवर डॉक्टर काही लिहून देणार नाहीत."

संध्याकाळी मोहने गावी राहणाऱ्या आईला फोन केला. मी वेळेचं काही बोललो नव्हतो. तीच म्हणाली, "आज ताट वाढलं आणि तोंडातून गेलंच रे... सुन्या, जेवायला ये."

"किती वाजता?"

"रेडिओवरच्या बाराच्या बातम्या संपल्या तेव्हा."

त्या बातम्या दहा मिनिटांच्या असतात. मोहने आमच्यापासून सव्वीस किलोमीटर.

डॉक्टर म्हणाले, "योगायोग. हवं तर पुन्हा करा." पुढच्या रविवारी पुन्हा ठरवलं. हाक आईनंच मारायची म्हणून तिला आदल्या दिवशीच आणलं. सकाळी आंघोळ करून बाहेर येतो तर आई सुनीलच्या डोक्यात वाटीभर खोबरेल जिरवतेय.

"अगं आई, डोकं कोरडं हवं होतं!"

"सात महिने पोराच्या टाळूला तेलाचं बोट नाही. तुम्हाला कोरडंच हवंय!"

दोनदा शाम्पू केला. तरी दाते टेकेनात. आईच्या दहाच्या दहा हाका रेषांच्या गुंत्यात गेल्या. मी चिडलो, ओरडलो. ती म्हणाली, "तो ऐकतो. तुला कागद कशाला हवा?"

रिपोर्टमध्ये आलं: प्रतिसाद आढळला नाही. त्या उसळीचा उल्लेखसुद्धा नाही. ती कशाची, हे मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही.

शिर्केताईंना दुसऱ्या वेळचे साडेचार हजार पूर्ण दिले. आणि काल, डॉक्टरांना न विचारता, फिजिओथेरपिस्टना पुढच्या महिन्याचे सहा हजार.