जकात नाक्यावरचा भैरू

भैरूचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. वाघोलीच्या अलीकडे जकात नाका होता. शहरात माल आणणारा ट्रक तिथं कर भरायला थांबे. साहेबाला शंका आली की हमालांनी पोती उतरवायची, साहेबानं बघायची, पुन्हा चढवायची. ट्रकमध्ये दीडशे पोती असली तर पाठीला तीनशे.

भैरूचं गाव महापालिकेत येऊन पंधरा वर्षं झाली, तरी नळ आला नव्हता. टँकरमागं हंडा घेऊन पळताना बायको मुक्ताबाई पडली आणि तिचं मनगट मोडलं. "तुमची पाइपलाइन या जकातीतूनच व्हायचीय," नाक्यावरचा साहेब सांगायचा. भैरू त्या आशेवर पोती उचलत होता.

निवडणूक जवळ आली. एका सकाळी मुकादम संपत म्हणाला, "आज मोर्चाला चला. हजेरी तीच, वर वडापाव."

"कसला मोर्चा?"

"व्यापाऱ्यांचा. तुला काय करायचंय? नुसतं ओरडायचं. पोतं तर नाही ना उचलायचं?"

भैरू गेला. घेतलेलं काम अर्धवट करणं त्याला जमत नसे. लक्ष्मी रस्ताभर झेंडा खाली येऊ दिला नाही. व्यापारी सावलीतून चालत होते. घोषणा हमाल देत होते. घरी आला तेव्हा घसा बसला होता.

"काय वरडलात एवढं?" मुक्ताबाईनं विचारलं.

"जकात रद्द करा म्हनून."

"अवो, मंग तुमचा नाका?"

भैरूचा घास हातातच राहिला. "असल्या मोर्चानं काय हुतंय?"

"मंग त्ये येडे हायत व्हय, तुमास्नी वडापाव चाराया?"

तेव्हापासून त्याला चैन पडेना. एक ट्रक गेला की दुसरा येईपर्यंत इतर हमाल टेकायचे, तो येरझाऱ्या घालायचा. उमेदवार गावात आला. जकात घालवतो म्हणाला, आणि वर्षात नळ आणतो, असंही म्हणाला. भैरू सभेत उठून उभा राहिला.

"जकात गेल्यावर नळाला पैसं कुठनं आननार?"

"सरकार आपलंच येणार आहे, मामा."

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "बस की खाली, तूच व्हतास मोर्चात!"

तो बसला. उत्तर मात्र मिळालं नव्हतं.

उमेदवार निवडून आला. पुढं जकात गेली, नाक्याला कुलूप लागलं. भैरू वॉर्ड ऑफिसात चार खेपा घालून आला. कारकून शांतपणे म्हणाला, "पाइपलाइन मंजूर आहे. तरतूद नाही. फरक कळतो ना?"

पन्नाशीत तो गुलटेकडीच्या बाजारात नव्या टोळीत लागला. नव्या माणसाला बटाट्याची पोती आणि लांबचा गाळा. हलका माल जुन्यांचा. तिथं त्यानं दोन वर्षं काढली. गुडघा सुजला की फडकं बांधून जायचा. खाडा केला नाही.

त्या मजुरीतून हजार लिटरची काळी टाकी आली. आता टँकर थेट तिच्यात रिकामा होतो, मुक्ताबाईला पळावं लागत नाही. टाकीखालचा चौथरा भैरूनं स्वतः बांधला. गवंड्याला द्यायला काही उरलं नव्हतं.