आये गप्प झाली त्याची गोष्ट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, शाळेतल्या मोठ्या बाईंना नाही. एकदा सांगायचं म्हणून देवळात गेले, तर तिथंही दुसरंच काहीबाही पुटपुटून परत आले. मग तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

दर वर्षी नोव्हेंबरात, मोठी लढाई थांबली त्या तारखेला, सकाळी आम्ही रत्नागिरीच्या कचेरीसमोरच्या मैदानात जमतो. महायुद्धात गेलेल्या इथल्या माणसांची नावं वाचतात, अकराची घंटा होते, आणि मग दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. सरकारी नोकरांना यावंच लागतं, शाळांना यावंच लागतं. गावात कुरकुर असतेच — लढाई गोऱ्या साहेबाची आणि मौन आमच्या माथी, असं लोक म्हणतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पण मी पुढच्या रांगेत उभी असते. त्या नावांत माझ्या नवऱ्याचं नाव असतं.

गणू त्याचं नाव. बोटीवर खलाशी होता. लग्नाला दोन पावसाळेही झाले नव्हते तेव्हा त्याची बोट फौजेचं सामान घेऊन बसऱ्याकडे गेली आणि वाटेत सुरुंग लागून फुटली. कचेरीतून माणूस आला, त्यानं सांगितलं, सगळे गेले. मी कुंकू पुसलं. बांगड्या शेजारणींनी फोडल्या. सासू तेवढी — तिला मी आये म्हणायची, गणूही आयेच म्हणायचा — ती जागची हलली नाही. म्हणाली, "मढं दाकवा. मढं नाय तर मी रडूची नाय."

रडली नाहीच. त्याचं अंथरूण उन्हात घालायची, झटकायची, परत गुंडाळून ठेवायची. मला वाटायचं, चार महिन्यांत निवळेल. वर्षं गेली तरी निवळली नाही.

लढाईत गेलेल्याची बायको म्हणून मला मुलींच्या शाळेत काम मिळालं. आधी झाडलोट, पाणी भरणं. मोठ्या बाईंनी अक्षरं शिकवली, पुढं परीक्षेला बसवलं, आणि एक दिवस मी धाकट्या मुलींच्या वर्गावर बाई म्हणून उभी राहिले. मांडवी बंदरावरून चालत गेले की लोक वाट देत. तुम्हाला हे लहान वाटेल. मला नव्हतं वाटत.

मौनाच्या पहिल्या वर्षी मी आयेला बरोबर नेलं. गणूचं नाव वाचलं, घंटा झाली, सगळं मैदान गप्प झालं — आणि आये मोठ्यानं बोलली. "माजा गणू जित्ता हाय. त्याचं नाव कशाला घेता?" कुणी हसलं, कुणी डोळे पुसले. मी लाजेनं मेले. मौन सुटल्यावर कचेरीतले अव्वल कारकून आमच्याकडे आले, मला वाटलं आता दरडावणार. ते म्हणाले, "बोलू द्या त्यांना. आईला पटत नाही तर तिनं गप्प का राहावं?" पुढच्या वर्षी ती पुन्हा बोलली, त्याच्या पुढच्या वर्षीही. सरकारनं तिला कधी अडवलं नाही. हे नीट लक्षात ठेवा — सरकारनं नाही.

मग एका पावसाळ्यानंतर हर्णेचा एक सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मुंबईहून आफ्रिकेला जाणाऱ्या आगबोटीवर तो होता. गावी जाताना वाट वाकडी करून आमच्याकडे आला होता. दुपारची सुट्टी होती, मुली अंगणात सागरगोटे खेळत होत्या. त्यानं आधी आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाला, "वयनी, गणू मोंबासाला हाय."

बोट फुटली तेव्हा एका अरबी गलबतानं त्याला उचललं होतं. पुढं फिरत फिरत तो मोंबासाला पोचला. तिथं शिडं शिवायचं काम करत होता. तिथलीच बायको केली होती, मुलं होती. सारंग हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता, चांगला माणूस होता. मी विचारलं, माझ्यासाठी काही निरोप? त्यानं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "आयेसाठी हाय. आयेला सांग मी बरा हाय, येवढंच बोलला. आन् रडला. मी आता घरी जाऊन म्हातारीला सांगतंय."

मी म्हटलं, "तुम्ही नका जाऊ, भाऊ. तिला एकदम सोसणार नाही. मी सांगते हळूहळू."

त्यानं विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? मी शाळेतली बाई होते.

घरी गेले तेव्हा आये पडवीत सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले. तोंड उघडलंसुद्धा. आणि म्हटलं, "आज उशीर झाला."

का नाही सांगितलं? मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलंय. त्यानं दुसरी केली याचं आयेला काहीच वाटलं नसतं. ती उठून धावत बंदरापर्यंत सांगत सुटली असती — माझा गणू आहे, मोंबासाला आहे, नातवंडं आहेत. आणि मी? त्या क्षणापासून मी टाकलेली बायको. लढाईत गेलेल्याची नव्हे — जिवंत असून जो परत आला नाही त्याची. शाळेतलं काम राहिलं असतं की नाही, ठाऊक नाही. पण खरं सांगू? कामाचा विचार मागाहून आला. आधी आलं ते हे, की त्यानं तिला निरोप धाडला आणि मला नाही.

त्या वर्षी मैदानात आये नेहमीसारखीच बोलली. "माजा गणू जित्ता हाय." इतकी वर्षं ते मला वेड वाटत होतं. आता त्या सगळ्या मैदानात खरं बोलणारी ती एकटीच होती, आणि हे जाणणारी मी एकटीच. मी तिच्या तोंडावर हात दाबला. हलकेच नव्हे. तिचे ओठ माझ्या तळव्याखाली हलत राहिले — ती बोलतच होती — आणि मी पूर्ण दोन मिनिटं हात काढला नाही. लोकांना वाटलं, सून किती जपते.

घरी आल्यावर ती म्हणाली, "तू असा हात का लावलास गो?" चिडून नव्हे. खरोखर विचारलं.

आणि मी सांगितलं. हर्णेचा सारंग आला होता, म्हटलं. त्या बोटीवरचा एकजण त्याला भेटला. त्यानं गणूचं मढं डोळ्यांनी पाहिलं.

आये माझ्यासमोर येऊन बसली. मग एकेक विचारत गेली. खंयच्या किनाऱ्याला लागला? अंगावर काय होतं? तोंड ओळखू येत होतं काय? पुरला का जाळला? मी प्रत्येकाला उत्तर दिलं. अडखळले नाही. अंगात निळी बंडी होती म्हटलं, कारण ती बंडी तिनंच शिवली होती. तेवढ्यानं तिला पटलं. जाळला, म्हटलं, सोबतच्यांनी सगळं रीतीनं केलं.

"मग बरं झालं," ती म्हणाली. आणि रडली. इतक्या वर्षांचं एकदम रडली. मी तिला धरून बसले. हो — मीच धरून बसले.

पुढच्या नोव्हेंबरात ती माझ्याआधी तयार होऊन बसली. घंटा झाली तशी मान खाली घातली आणि गप्प उभी राहिली. अव्वल कारकून नंतर मला म्हणाले, "आज आजी शांत होत्या. मला बरं नाही वाटलं, बाई." मी आयेचा हात धरून घरी निघाले. आये त्यानंतर घरातही फारशी बोलेनाशी झाली. अंथरूण कुणा गरजूला देऊन टाकलं. दोन वर्षांनी तापानं गेली. शेवटी शुद्धीत होती. मी जवळ होते, घरात तिसरं कुणी नव्हतं, आणि सांगायला कसलीच आडकाठी नव्हती. मी तिला पेज पाजली.

सारंग पुन्हा एकदा येऊन गेला. "आयेला सांगितलंस काय गो वयनी?" मी म्हटलं, सांगितलं, फार सुखानं गेली. तो म्हणाला, गणूला ऐकून बरं वाटेल. त्यानं ते गणूला सांगितलंही असेल.

आता पुन्हा लढाईच्या वार्ता कानावर येतात. परवा वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, यंदा मौनाला नाही आलं तर चालेल? आमचे काका म्हणतात, सक्तीनं गप्प राहायचं नाही." मी म्हटलं, चालेल. मुलगी खूश झाली. घरी जाऊन सांगणार, आमच्या बाई चांगल्या आहेत.

मी चांगली नाही. एका आईनं आपला मुलगा जिवंत आहे असं म्हटलं, तो जिवंत होता, आणि मी तिच्याकडून त्याला मारून घेतलं.