पट्ट्यावरचं पळणं आणि पांदणीवरचं

माझी बायको मेली तेव्हा आमची लेक पळत होती. बायको तिला वेळ सांगायला बसली होती. एवढी गोष्ट एका दमात सांगून होते, पण तिचा धक्का अजून माझ्या अंगातून उतरला नाही. मी चौथी शिकलेला माणूस. कापसातून सरकी काढायच्या जिनिंगमध्ये मशिनीचे पट्टे सांभाळण्यात जन्म गेला. लिहायची सवय नाही. जसं झालं तसं लिहितो.

लेक आमचं शेंडेफळ. पोलीस भरतीची तयारी करत होती. मुलींना तेव्हा तीन किलोमीटर पळावं लागे. वयाची अट होती आणि तिच्या हातात ती एकच भरती उरली होती. आमचं गाव वणीपासून चार कोसांवर. दिवस कापसाच्या वाईट वर्षांचे. जिनिंगला कुलूप लागलं होतं, मी घरी बसून होतो, आणि ह्या पोरीच्या पायांवर घरानं डोळे लावले होते.

सुट्टीवर आलेल्या गावातल्या एका फौजीनं तिला सांगितलं होतं, एकसारखं पळून वेग वाढत नाही. एक मिनिट जीव तोडून पळायचं, दोन मिनिटं हळूहळू, पुन्हा एक मिनिट जीव तोडून. असं दहादा. पण पळता पळता घड्याळात पाहणार कोण? मग तिनं आईला शिकवलं. आईला घड्याळ वाचता येत नव्हतं. लेकीनं सांगितलं, हा बारीक काटा इथं वर आला की थाळी वाजवायची, गोल फिरून पुन्हा वर आला की पुन्हा वाजवायची. झालं. बायको रोज पहाटे शेतांकडे जाणाऱ्या पांदणीवरच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसे, मांडीवर जर्मनची थाळी, हातात उलथनं, मनगटावर माझं घड्याळ. पहिली थाळी वाजली की पोरगी मोरीपासून सुसाट सुटे. दुसरी वाजली की वळून सावकाश परत येई. गावातले लोक बायकोला विचारत, "काहो, ग्रहण लागलं काय रोजच?"

बायको म्हणे, "लागलं न बापा. तुमच्या अकलेले."

त्या दिवशी दुसरी थाळी वाजलीच नाही.

पोरगी पळत राहिली. थाळी वाजत नाही म्हणजे मिनिट झालं नाही, असं तिला वाटलं. मग वाटलं, आईला डुलकी लागली. पार शेवटच्या शेतापर्यंत पळत गेली, तिथून रागानं ओरडत परत आली. बायको मोरीखाली पडलेली होती. हातातलं उलथनं तसंच होतं.

मी धावत गेलो तेव्हा दहा-बारा माणसं जमली होती. आणि प्रत्येक जण एकच विचारत होता, "काय पेली?" त्या वर्षांत आमच्याकडे अचानक मेलेल्या माणसाबद्दल दुसरं काही विचारायची लोकांची सवयच मोडली होती. कोणी तिचं तोंड हुंगत होतं. कोणी पोरीला विचारत होतं, घरी भांडण झालं काय, फवारणीचा डबा कुठं आहे. पोलीस आले, वणीच्या दवाखान्यात चिरफाड झाली, तेव्हा कुठं डॉक्टरनं लिहून दिलं की हृदय बंद पडलं. माझ्या बायकोला निर्दोष ठरवायला तिचं पोट फाडावं लागलं. मी तिथं बाकावर बसून होतो आणि मला रडू येत नव्हतं. नुसते कान वाजत होते.

तेरवी झाल्यावर पोरगी म्हणाली, "बाबा, मी बाहेर नाई पळत आता."

मला वाटलं, लोकांच्या बोलण्यामुळं. म्हटलं ठीक आहे.

वणीत एक मिस्त्री होता, विजेच्या जळालेल्या मोटारी भरायचं दुकान त्याचं. जिनिंग चालू होती तेव्हा आमच्या मोटारी त्याच्याचकडे जात. त्यानं कुठल्यातरी साहेबाच्या बंगल्यातून पळायची जुनी मशीन उचलून आणली होती, दुरुस्त केली, दुकानामागच्या खोलीत लोखंडी वजनांच्या शेजारी ठेवली आणि बाहेर 'जिम' लिहिलं. दुपारी बायकांची वेळ. तेव्हा त्याची बायको शिलाई मशीन घेऊन दारात बसे, म्हणून मला घोर नव्हता. पोरीला काळीपिवळीनं घेऊन गेलो.

ट्रेडमिल मी पहिल्यांदा पाहिली आणि सुन्न झालो. अरे, हा तर आपलाच पट्टा! एक मोटार, दोन रूळ आणि मधे रबरी पट्टा. ज्या पट्ट्यावर जन्मभर राळ लावली, जो तुटला तर माणसाचा हात घेऊन जातो म्हणून दूर राहा असं पोरांना ओरडून सांगितलं, त्याच पट्ट्यावर माझी पोरगी चढली होती.

"ह्यात कापूस कुठून टाकता?" मी म्हटलं.

मिस्त्री हसला. तो मलाही मिस्तरीच म्हणे. "मिस्तरी, ये जिनिंग अलग है. इथं माणूस टाकतो, घाम निंगते. सरकी बी नाई उरत."

त्याची बायको आतून ओरडली, "तुम्ही चढा न एक दिवस. पोट नाही, गोदाम आहे ते." मग माझ्या लेकीकडे पाहून म्हणाली, "तू दौड बेटी. इनको बकने दे."

पोरगी दौडली. एक मिनिट जोरात, दोन मिनिटं हळू. तिथं थाळीची गरज नव्हती, मशीनच पिंपिं करायची. समोर भिंत, मशीनचा आकडा मिस्त्रीनं भिंतीवरच बसवलेला. पहिल्या आठवड्यात तेरा, मग चौदा, मग सोळा. सोळाचा आकडा म्हणजे ताशी सोळा किलोमीटर. मिस्त्रीनं पाटीवर मांडून दाखवलं, ह्या वेगानं मिनिटाला पावणेतीनशे मीटरला थोडं कमी पळणं होते. दहाच्या दहा वेळा सोळा. मी खुश. तीन महिने ती त्या भिंतीकडे पळत राहिली.

भरतीचं पत्र आलं तेव्हा वीस-बावीस दिवस उरले होते. फौजी पुन्हा सुट्टीवर आला होता, तो म्हणाला, "काका, मशीनवर लय झालं. भरती जमिनीवर असते. तिले मातीत उतरवा." पोरगी मुकाट्यानं तयार झाली. पहाटे पांदणीवर गेलो. मी मोरीवर बसलो, घड्याळ घेतलं. थाळी न्यायची हिंमत झाली नाही, तोंडानं शिटी वाजवली. ती सुटली. मिनिट झालं, पुन्हा शिटी वाजवली. मग जिथं ती होती तिथपर्यंत मी पावलं मोजत गेलो.

दोनशेसुद्धा भरली नाहीत.

मला वाटलं माझी मोजणी चुकली. दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. मोठी पावलं, लहान पावलं, कशीही मोजली तरी कमीच. भिंतीवरचे पावणेतीनशे गेले कुठं? पोरगी धापा टाकत उभी होती. मी तिला म्हटलं, "हरामखोर मशीन आहे ते! पट्टा घसरून राह्यला तिचा."

ती मोरीकडे चालू लागली.

मला खात्री होती. जिनिंगमध्ये चाळीस वर्षं हेच पाहिलं. मोटार पुरी फिरते, पण पट्टा ढिला असला की रुळावर घसरतो. मोटारीला विचाराल तर ती म्हणेल मी एवढं काम केलं, आणि समोर रुई निघते अर्धी. आकडा मोटारीचा, काम पट्ट्याचं. ही मशीन तीन महिने माझ्या लेकीला खोटं बोलत होती आणि मी खुश होत होतो. 

त्याच दिवशी वणीला गेलो. मिस्त्रीला म्हटलं, "तू चोर आहेस."

"काहून बापा? काय चोरलं मी?"

"तुझा पट्टा घसरते."

तो चिडला. "माझा पट्टा? मिस्तरी, माझ्या घरच्या घड्याळापेक्षा खरा आहे तो. घ्या, मोजा."

मी मोजलं. त्याच्या बायकोच्या शिलाईच्या टेपनं पट्टा सगळा मापला. पट्ट्याच्या कडेला खडूची रेघ मारली. पोरीला वर चढवलं, कारण रिकामा पट्टा कधीच घसरत नाही, वजन पडल्यावरच घसरतो. आकडा आठवर ठेवून मिनिटभर रेघेचे फेरे मोजले. मग सोळावर, तेव्हा रेघ डोळ्यांत नुसती चमकायची, म्हणून मी आणि मिस्त्री दोघांनी मोजले. मिस्त्रीनं हिशोब मांडला.

फक्त एका फेऱ्याचा फरक निघाला.

"बोला आता," मिस्त्री म्हणाला. "कोण चोर?"

मी खाली बसलो. पट्टा खरा होता. पोरगी माझ्या डोळ्यांसमोर त्या वेगानं पळत होती. मग पांदणीवर काय होत होतं? मिस्त्रीची बायको शिवता शिवता म्हणाली, "चाचा, मशीनवर थांबता येतं काय? पट्टा फेकून देईल न. बाहेर थांबता येतं." मला तेव्हा ते बायकी बोलणं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मोरीवरून शिट्ट्या वाजवत दोन फेऱ्या पळू दिल्या, आणि तिसऱ्या वेळी पोरगी सुटली तसा बाजूच्या तुरीतून वाकून पुढं गेलो. आडोशानं पाहिलं. शंभरेक पावलं ती खरंच वाऱ्यासारखी गेली. मग तिनं मान वळवली. मागं मोरीकडे पाहिलं. मी तिथं नव्हतो. ती गपकन थांबली. तोंड उघडं, डोळे मोरीवर. मग जशी ओरडली, तसं ओरडणं मी जन्मात ऐकलं नाही. "बाबाऽऽ!" करत उलटी धावली. आणि जीव तोडून धावली. ते मोजलं असतं तर सोळाच्या वर भरलं असतं.

मी तुरीतून बाहेर आलो. तिनं मला पाहिलं आणि माझ्या छातीवर दोन्ही हातांनी बुक्क्या मारल्या.

"कुठी गेलते? कुठी गेलते तुमी?"

"अवं, इथंच होतो मी. काहून मागं पायतं तू?"

"मी पाह्यलं नाई म्हणून मेली ते," ती म्हणाली. "थाळी वाजली नाई तवाच मी वळाले पाह्यजे होतं. मी आपली पळत राह्यली. रागानं पळत राह्यली. तिकडं ते मरून राह्यली होती."

तीन महिने हे तिच्या डोक्यात होतं आणि मी पट्टा मोजत होतो.

मला तेव्हा जे बोलायचं नव्हतं तेच तोंडातून निघालं. नाहीतर मी ते सरणावर घेऊन जाणार होतो. मी म्हटलं, "तुह्यानं नाई मेली ते. त्या दिवशी पहाटे ते मले म्हणे, अवो, आज तुमी जा, रातपासून छाती भरून आल्यासारखी वाटते. मी पांघरुणातून म्हटलं, थाळी वाजवाले का पैलवान लागते? जा तूच."

पोरगी बघत राहिली. मी वाट पाहिली की ती मारेल, शिव्या देईल. ती पांदणीवर खाली बसली, एका बुटातला खडा काढला, पुन्हा बूट घातला आणि घरी गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढून समोर सरकवी आणि आत जाई.

तिसऱ्या दिवशी पहाटे तिनं माझी सायकल बाहेर काढून ठेवली होती. हवा भरली होती.

"मागं नका बसू आता," ती म्हणाली. "माह्या पुढं राहा. दिसत राहा."

साठीच्या वर गेलेला माणूस मी, गुडघे दुखणारा. पांदणीवर चाकोऱ्या पडलेल्या, मधे गवत. जोराच्या मिनिटात मला तिच्यापुढं राहायचं होतं, आणि ती मागून ओरडायची, "जोरात मारा, जोरात!" पट्ट्यावर पट्टा ओढतो, इथं म्हातारा ओढत होता. घड्याळ हँडलला बांधलं होतं. मिनिट झालं की घंटी वाजवायची. पहिल्या दिवशी चौथ्या फेरीला मी सायकलसकट कपाशीत गेलो. वावरवाला कपाशी वेचायला आला होता, तो म्हणाला, "काय हो, पोरगी बापाले धरून राह्यली का बाप पळून राह्यला?"

"दोनी," पोरगी म्हणाली. तीन महिन्यांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि मला उठताच येईना.

मी पावलं मोजली नाहीत पुन्हा. मान वळत नव्हती, तेवढं पुरे होतं.

भरतीच्या दिवशी यवतमाळच्या मैदानाबाहेर आम्हा घरच्या लोकांना भिंतीपाशी थांबवलं. आत सायकल चालणार नव्हती, पट्टा नव्हता, मी नव्हतो. भिंत उंच होती. आतून नुसत्या शिट्ट्या आणि पायांचा आवाज.  तिनं मान वळवली तर? कोणी मोजलं काय, किती झालं काय, कशाचाच पत्ता नाही. बाजूला एक बाई देवाचं नाव घेत होती, तिला मी म्हटलं, "गप बस माय, ऐकू दे." ऐकून काय कळणार होतं!

ती बाहेर आली तेव्हा तिचे केस मातीनं लाल झाले होते. छातीवरचा नंबर अर्धा सुटला होता.

मी वेळ विचारली नाही. म्हटलं, "मागं पाह्यलं काय?"

"हो," ती म्हणाली. "एकदा."

मी भिंतीला टेकून खाली बसलो.

"दुसऱ्या चकरीत. उमरखेडची एक पोरगी होती, माह्या मागं टेकली होती." ती पाणी पीत होती, थांबून थांबून बोलत होती. "तिले पाह्यलं, मंग नाई पाह्यलं. बसल्या काय राह्यले बाबा, उठा. गाडी जाईन आपली."