केवड्याचा वास

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "खालच्या रानातला ऊस केवडा पडलाय." मी सांगलीहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेली सून. रानात गेले आणि उसाच्या पानाला नाक लावून आले. वास कसला येतोय? पानं पिवळीपांढरी पडली की त्याला केवडा म्हणतात, हे त्या पदवीत नव्हतं. गडी तोंड फिरवून हसत होते आणि मला वाटलं, माझ्या शिक्षणाला बुजले.

असली ही बया, म्हणजे तेव्हाची मी. आज रस्त्यात भेटली तर मी ओळख देणार नाही.

नवरा फौजेत, त्यामुळं रहिमतपूरकडचं ते रान आणि घर दोन्ही सासूबाईंच्या हातात. मला एम.एस्सी.ला परत सांगलीला जायचं होतं आणि ते त्यांनी हो म्हटल्याशिवाय होणार नव्हतं. जमिनीतलं लोह मिळालं नाही की केवडा पडतो, एवढं पुस्तकात शोधून मी ऐटीत पैज लावली. "चार सऱ्या मला द्या. हिरव्या झाल्या तर मी शिकायला जाणार."

"व्हय, जा की. पर हिराकस आदी शेणकाल्यात मुरव." हिराकस म्हणजे लोहाचं हिरवट मीठ.

"आत्याबाई, हे शास्त्र आहे. त्यात शेण कशाला?"

"आपल्या रानात चुनखडी हाय. लोखंड एकटं सोडलं की गंजतंय. कुणीतरी धरून ठिवाय पायजे त्याला."

मग मी त्यांना चुलीपुढं व्याख्यान दिलं. मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या निळ्या मिठाच्या, फिकट पाण्यात अमोनिया ओतत गेलं की ते गर्द निळं होतं. तांब्याला धरून बसलेलं पाणी उठतं, तिथं अमोनिया बसतो. धातूला असं धरून बसतो तो लिगँड, आणि याला लिगँडची अदलाबदल म्हणतात.

भाकरी उलटत त्या म्हणाल्या, "मग लोखंडाजवळचं पाणी उठवून तितं शेणातलं कायतरी बसत आसंल."

"तुम्हाला नाही कळायचं ते," मी म्हणाले.

हिराकस नुसत्या पाण्यात कालवून ओतला. आठवड्यात सऱ्यांत तांबूस गंज दिसला आणि ऊस होता तसाच पिवळा. शेजारी त्यांनी शेणकाल्यात मुरवलेला हिराकस घातलेल्या सऱ्या हिरव्यागार.

परवा नातसुनेनं 'चिलेटेड' लोहाची पुडी आणली. लोहाला सहा हातांनी कवळून धरणारा रेणू, म्हणजे चुनखडीची डाळ शिजत नाही. पुडीवर पांढऱ्या कोटातला माणूस छापलाय. तिथं शेणाची बादली घेतलेल्या सासूबाई हव्या होत्या.

पैज हरले तशी मी ट्रंक माळ्यावर टाकली. सासूबाईंनी गड्याकरवी ती खाली काढवली.

"जा सांगलीला."

"पण हरले ना मी?"

"म्हनून तर. आजून लय शिकायचं ऱ्हायलंय तुजं."

गेले. परीक्षेत प्रश्न आला, लिगँडच्या अदलाबदलीचं व्यवहारातलं उदाहरण द्या. बयेनं पुन्हा मोरचूदच लिहिलं.