परतूरकर सरांचा राजीनामा

श्रीपती परतूरकर सरांनी आमच्या ग्लायडिंग मंडळाचं अध्यक्षपद सोडलं त्याला आता दोन वर्षं होतील. त्या सभेत मी सरांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते, कारण मी मंडळाची कोषाध्यक्ष होते. सर त्या दिवशी जे बोलले त्यातलं एक वाक्य खोटं होतं. सर ते माझ्यासाठी बोलले होते आणि मी ते तसंच राहू दिलं.

सर जालन्यातल्या एका कॉलेजात तेहतीस वर्षं फिजिक्स शिकवत होते. राहायला जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानांच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. विद्यार्थी असताना एनसीसीच्या हवाई शाखेत त्यांनी ग्लायडर उडवलं होतं. तो नाद पुढं सुटला नाही. नोकरी लागल्यावरही उन्हाळ्याच्या सुट्टीत पदरमोड करून ते पुण्याच्या ग्लायडिंग केंद्रात जायचे आणि असं करत करत त्यांनी शिकवण्याचा परवानाही मिळवला. त्यांच्या पत्नी वंदनाताई म्हणायच्या, "लोक सुट्टीत सासुरवाडीला जातात, आमचे हे दोरीला लटकायला जातात."

निवृत्त झाल्यावर सरांनी दुसऱ्या राज्यातल्या एका बंद पडलेल्या क्लबकडून दोन माणसांचं जुनं ग्लायडर विकत घेतलं. शहराबाहेर एक धावपट्टी होती, वर्षातून चार-दोनदा एखादं छोटं विमान उतरायचं तेवढंच. तिच्या कडेला पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि मंडळ सुरू झालं.

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. धावपट्टीच्या टोकाला एक विंच असतं, म्हणजे इंजिनावर फिरणारं मोठं रीळ. ते पोलादी दोर भराभर गुंडाळतं आणि ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. पुरेसं वर गेलं की आपण दोर सोडून द्यायचा. मग वर चढणारी गरम हवा सापडली तर राहायचं, नाही तर गपगुमान उतरायचं. गरम हवेला आमच्याकडं काय तोटा! मार्च-एप्रिलात नांगरून पडलेली काळी रानं अशी तापतात की घारी पंख न हलवता तासभर फिरत राहतात. सर त्यांच्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "तिला कुणी फिजिक्स शिकवलेलं नाही. पण ती जिथं फिरते तिथं बिनधास्त जायचं."

दुसऱ्या वर्षी एकदा हवा सापडली नाही आणि सर थेट शेजारच्या कपाशीत उतरले. रान रखमाजींचं होतं. रखमाजी तेव्हा पन्नाशीचे, धिप्पाड. खुरपं हातात घेऊनच धावत आले. सर ग्लायडरमधून उतरले, कपडे झटकले आणि पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर मोडलेली झाडं मोजायला लागले.

"काय करून राह्यले?" रखमाजी ओरडले.

"मोजतोय. त्रेचाळीस झाली. तुम्ही एकदा मोजून घ्या, म्हणजे बराबर हिशेब होईल."

रखमाजींनी खुरपं खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सर पैसे घेऊन गेले तर ते म्हणाले, "पैसे राहू द्या सर. मला एकडाव तेच्यात बसवा."

बसवलं. मग ते दर रविवारी यायला लागले. आधी विंच चालवायला शिकले, मग उडवायला. चौपन्नाव्या वर्षी ते पहिल्यांदा एकटे वर गेले. ते खाली येईस्तोवर सर हात मागं बांधून उभे होते. रखमाजी उतरले आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वरून माझं वावर एवढुसं दिसतं हो ताई. अन् म्या तेच्यात सारा जन्म काढला."

मी अरुंधती. विमा कार्यालयात नोकरीला. माझी मुलगी यशश्री मंडळात जायची म्हणून तिला सोडायला यायचे. तिचा नाद सहा महिन्यांत सुटला, माझा लागला. आकड्यांत काम करते म्हणून सरांनी मला कोषाध्यक्ष केलं. चेकवर दोन सह्या लागायच्या, एक सरांची, एक माझी.

मंडळात एकूण एकोणीस जण होतो. त्यात एक केदार. स्टीलच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवायचा, वय पस्तीसच्या आसपास, बोलायला फटकळ पण कामाला वाघ. एकच ग्लायडर असल्यानं रविवारी नंबर यायला दुपार व्हायची. दुसरं, एका माणसाचं ग्लायडर घ्यायचं ही कल्पना केदारचीच. चौदा जणांनी प्रत्येकी तीस हजार जमा केले. रखमाजींनी सोयाबीन विकून दिले. पैसे मंडळाच्या खात्यात पडले, आणि चार महिन्यांत लॉकडाऊन लागला.

दीड वर्ष उडणं बंद. उडणं बंद म्हणून वर्गणी बंद. पण शेडचं भाडं चालूच होतं, ग्लायडरचा विमा चालू होता, दर वर्षीची तपासणी चुकवली तर परवानाच जाणार होता. त्यात विंचचा दोर गंजला, तो नवा घ्यावा लागला. त्याच काळात मी भोकरदनला आईजवळ राहत होते, तिला अर्धांग झालं होतं. जाण्याआधी सरांना म्हणाले, "मी कधी येईन सांगता येत नाही. चेक सही करून ठेवते." सात कोऱ्या चेकांवर सह्या करून दिल्या.

परत आल्यावर पासबुक भरून आणलं, आणि बँकेच्या पायऱ्यांवरच उभी राहून ते दोनदा वाचलं. चार लाख वीस हजारांतले अडतीस हजार उरले होते.

मी सरळ सरांच्या घरी गेले. सरांनी एक वही पुढं ठेवली. प्रत्येक खर्च तारखेनिशी लिहिलेला, पावती मागं चिकटवलेली. एक पैसा इकडचा तिकडं नव्हता. उलट शेवटची तीन भाडी त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून भरली होती, ती वहीत धरलेलीच नव्हती.

"पण सर, हे पैसे दुसऱ्या ग्लायडरचे होते. सगळ्यांना विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं," सर म्हणाले. "वाटलं होतं दोन महिन्यांत सुरू होईल. मग वाटलं आणखी दोन. जानेवारीपर्यंत जुळवतो मी, ताई. अंबड रस्त्याला प्लॉट आहे, तो काढतो. तोवर हे आपल्यातच राहू द्या."

मी राहू दिलं. आठ महिने. रविवारी शेडमध्ये केदार विचारायचा, "ताई, पैसे आहेत ना बराबर?" मी म्हणायचे, "हो, हो." प्लॉटला गिऱ्हाईक येत होतं आणि भाव पाडून मागत होतं.

मग दुसरं ग्लायडर विकणाऱ्यांचा निरोप आला, पंधरा दिवसांत पैसे भरा, नाही तर ग्लायडर दुसऱ्याला देतो. केदारनं तो निरोप मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "सर, ताई, उद्याच भरून टाकू." त्या दिवशी संध्याकाळी सरांनी ग्रुपवर राजीनाम्याचा फोटो टाकला. चार ओळी होत्या: दुसऱ्या ग्लायडरची रक्कम माझ्या निर्णयाने अन्यत्र खर्च झाली आहे, ती मी परत करीन, अध्यक्ष राहण्याचा मला अधिकार नाही. एकानं हात जोडलेलं चित्र टाकलं. दुसऱ्या एकानं न वाचताच, सवयीनं, "हार्दिक अभिनंदन" टाकलं आणि मग पुसलं.

रविवारी सकाळी शेडमध्ये सभा भरली. ग्लायडर बाहेर ढकलून आत खुर्च्या मांडल्या होत्या. सरांनी वही मधल्या टेबलावर ठेवली. ती कुणी उघडली नाही, हे मला आजही लागून राहिलं आहे. मी सुद्धा म्हणाले नाही की उघडा.

केदार उभा राहिला. "सर, पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. बिलकुल नाही. पण आम्हाला सांगितलं का नाही? आम्ही काय परके होतो?"

"चूक झाली," सर म्हणाले.

"चूक एकदा होते. हे दोन वर्षं चाललंय." मग तो माझ्याकडं वळला. "ताई, सह्या दोन लागतात. तुम्हाला माहीत होतं?"

मी काही बोलणार होते की नव्हते, ते मला खरंच सांगता येणार नाही. सर माझ्याआधी बोलले.

"त्यांना काही माहीत नव्हतं. त्या आईच्या आजारपणात होत्या. मी कोरे चेक घेऊन ठेवले होते. त्यांचा यात संबंध नाही."

सगळ्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. एक जण म्हणाला, "बिचाऱ्या ताईंना पण फसवलं." मी खाली मान घालून बसले.

रखमाजी मागच्या दाराशी उभे होते. ते पुढं आले. "माझे बी तीस हजार हायत तेच्यात. मी म्हन्तो, सरांनी ते हितंच घातले ना? घरी तर न्हाई नेले? मंग राजीनामा कशाचा? सर, तुमी बसा हितंच."

"रखमाजीभाऊ, भावनेचा प्रश्न नाही," कुणीतरी म्हणालं. "पद्धत आहे की नाही काही?"

हात वर करायला सांगितलं. राजीनामा मंजूर करण्याच्या बाजूनं सतरा हात वर झाले. त्यात माझा होता. सरांनी आपला हात वर केला नाही, रखमाजींनी केला नाही. सर उठले, वही तिथंच ठेवली, सगळ्यांना नमस्कार केला आणि स्कूटरवर बसून गेले.

त्यानंतर पंधरा मिनिटांतच पस्तावायला सुरुवात झाली होती. चहा ओतता ओतता केदारनं विचारलं, "बरं, आता आज शिकवणार कोण?" शिकवण्याचा परवाना फक्त सरांकडं होता, आणि तसा माणूस हजर नसेल तर एकट्यानंही उडता येत नसे. पुढच्या सीटवर शिकणारा, मागच्या सीटवर सर, अशी दहा वर्षं गेली होती. अध्यक्ष गेले म्हणजे मागची सीट रिकामी झाली, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

केदारनं त्याच दुपारी वही घरी नेली. तीन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज बसलेला होता. "ताई, मी सगळं वाचलं. सरांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. आपण जरा थांबायला हवं होतं हो." तो सरांच्या घरी गेला, राजीनामा मागं घ्या म्हणाला. सरांनी त्याला पोहे खायला घातले आणि नाही म्हणाले. अध्यक्ष नको, नुसतं शिकवायला या, असंही म्हणून पाहिलं. तेही नाही. रागावलेले दिसत नव्हते, असं केदार म्हणाला. त्याचाच त्याला जास्त त्रास झाला.

मीही गेले. जायला मला महिना लागला. वंदनाताईंनी दार उघडलं, बसा म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. नेहमीसारखं चहाचं विचारलं नाही. सर खिडकीशी होते.

"सर, मला बोलायला हवं होतं."

खालच्या गल्लीकडं बघत सर म्हणाले, "तुम्हाला वाचवायचं म्हणून मी बोललो, ते माझं मी ठरवलं. त्याचं ओझं घेऊ नका." मग म्हणाले, "पण तुम्ही बोलला असता तर बरं वाटलं असतं. मी एकटा नव्हतो असं वाटलं असतं."



प्लॉट त्यांनी शेवटी पडत्या भावात विकला आणि चौदाही जणांना ज्याच्या त्याच्या हातात पैसे दिले. रखमाजी घेईनात, तर त्यांच्या कट्ट्यावर पाकीट ठेवून आले. आम्ही दुसऱ्या गावाहून शिक्षक बोलवायची खटपट केली. एक जण आला, चार रविवार आला, जाण्यायेण्याचं परवडेना म्हणून थांबला. वर्षभर ग्लायडर शेडमध्ये धूळ खात राहिलं. मागच्या फेब्रुवारीत ते विकायचं ठरलं.

न्यायला लोक ट्रेलर घेऊन आले तेव्हा पंख काढायची वेळ आली. पंखांच्या खिळी कशा क्रमानं काढायच्या ते नीट कुणालाच माहीत नव्हतं. रखमाजी गुपचूप मोटारसायकलवर गेले आणि सरांना घेऊन आले. सर कुणाकडं न बघता कामाला लागले. आम्ही आठ-दहा जण भोवती उभे होतो, पंख पेलायला.

तिथं मी बोलले. का तेव्हाच, ते ठाऊक नाही. "मला माहीत होतं," मी म्हणाले. "पैशांचं. आठ महिने माहीत होतं. सर सभेत माझ्यासाठी खोटं बोलले."

केदारनं पंख खांद्यावर तसाच धरून माझ्याकडं पाहिलं. "मग तेव्हा का नाही सांगितलं ताई?"

"भ्याले."

कुणी रागावलं नाही. रागावायला आता कुणाकडं कारण उरलं नव्हतं. सर खाली वाकून शेवटची खीळ सोडवत होते. त्यांनी ती काढली, पुसली, कापडात गुंडाळून ट्रेलरवाल्याच्या हातात दिली आणि त्याला बजावून सांगितलं की ही हरवली तर दुसरी मिळत नाही.

मंडळ कागदावर अजून आहे. रखमाजी कपाशीत असतात; धावपट्टीकडंचं रान त्यांनी पोराला वाटून दिलं. सर मला कधीमधी जुन्या जालन्यात भेटतात, दळण नाही तर भाजी घेऊन निघालेले. थांबतात, माझ्या आईची चौकशी करतात, वंदनाताईंचा गुडघा दुखतो ते सांगतात. उडण्याचा विषय ते काढत नाहीत, आणि तो मी काढावा असा मला हक्क वाटत नाही.