तीर्थ पाण्यात धरत नाहीत

मनोरमाताईंचा आवाज भोपाळात जितक्यांनी ऐकला, तितक्यांनी त्यांचा चेहरा पाहिला नसेल. एकतीस वर्षं त्या एका सरकारी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. "जी, कहिए" एवढंच म्हणायच्या आणि ओरडायला बसलेला साहेबही नरम पडायचा. एकदा जवाहर चौकात चादरी बघताना दुकानदाराने मान वर न करताच विचारलं होतं, मॅडम, आप एक्सचेंज में थीं क्या? त्या दिवशी ताई घरापर्यंत हसत आल्या.

माहेर नागपूरचं. वडिलांचं ऑफिस छप्पन साली इकडे आलं, तेव्हा ताई चार वर्षांच्या. यजमान, दत्तात्रय, लवकर गेले. मुलगा निनाद त्यांनी एकटीने वाढवला. तुलसी नगरच्या क्वार्टरांत आम्ही शेजारी होतो, आणि रिटायर झाल्यावर बाग सेवनियात घरं घेतली तीही भिंतीला भिंत लावून. संध्याकाळी सातला त्यांची आरती सुरू व्हायची. मी अलीकडे माझ्या देवापुढे हात जोडून त्यांच्याच आवाजावर माझी आरती उरकायची. देवाला चाललं असावं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मानेत गाठ निघाली. गाठ कॅन्सरची नव्हती, पण गळ्याकडे जाणाऱ्या नसेला अशी चिकटली होती की नस कापल्याशिवाय निघेना. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि ताईंनी स्वतः सही केली होती. शुद्धीवर आल्या आणि बोलल्या तर तोंडातून नुसता वारा आला.

घरी आल्यावर त्यांनी नागपूरला भावाला फोन लावला. पलीकडे सुधाकरला नुसता श्वास ऐकू आला. कोणी वात्रट माणूस आहे असं समजून त्याने शिवी घातली आणि फोन ठेवला. ताई फोन हातात धरून बसून राहिल्या. पुन्हा त्यांनी कुणाला फोन केला नाही.

सात वाजले की मी देवापुढे उभी राहायची आणि भिंतीकडून काही यायचं नाही. पण कानांना ते पटायचं नाही. कधी कधी वाटायचं, पलीकडून कुणी "सुलभा" म्हणून बोलावतंय. पदराला हात पुसत धावत जावं, तर ताई खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या असत. कुजबूज भिंतीतून येत नाही हे मला कळत होतं. तरी मी रोज जायची.

आवाजाचं दुःख सगळ्यांना दिसत होतं. खरा धोका गिळण्यात आहे हे श्रुती नावाच्या थेरपिस्ट मुलीने समजावलं. ती मराठी घरातली, म्हणून माझ्यासारखीलाही कळलं. स्वरयंत्र बोलण्यासाठी आहे असं आपल्याला वाटतं, पण त्याचं पहिलं काम पहारा द्यायचं, ती म्हणाली. घास गिळताना ते वर उचललं जातं, वरून झाकण पडतं, आतल्या दोन पट्ट्या घट्ट जुळतात, म्हणजे अन्न श्वासनळीत उतरत नाही. ताईंची डावी पट्टी अर्धवट उघडीच राहते. शिवाय त्या बाजूला स्पर्श कळत नाही, म्हणून पाणी चुकीच्या वाटेने गेलं तरी ठसकाही लागणार नाही. पाणी पातळ, ते सगळ्यात आधी घसरतं. तेव्हा पाणी, चहा, ताक, सगळं पावडर घालून खिरीसारखं दाट करायचं, मान डावीकडे वळवून, हनुवटी खाली घेऊन एकेक चमचा.

सून स्वरदाने ते सगळं मन लावून केलं. मापाचा चमचा, ढवळायची वाटी, फ्रिजवर चिकटवलेला कागद.

मी दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जाते. येताना छोट्या बाटलीत तीर्थ आणायची आणि ताईंच्या हातावर तीन पळ्या घालायची. ताई मान मागे टाकून घेत, हात डोळ्यांना, केसांना लावत. पुढे पुढे त्या चौथ्यांदा तळवा पुढे करू लागल्या. मग पाचव्यांदा. कधी अर्धी बाटली संपायची. आजारात श्रद्धा वाढते, असं माझ्या मनात आलं आणि मी मोठी बाटली न्यायला लागले.

ताप दोनदा आला नि गेला. तिसऱ्यांदा छाती भरली, आणि निनादने त्यांना दवाखान्यात नेलं. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया होता. डॉक्टरांनी स्वरदाला विचारलं, पतला कुछ दिया था? ती म्हणाली, सर, मेरे हाथ से एक बूँद नहीं गई. मलाही विचारलं. मी देवाची शपथ घेऊन नाही म्हटलं, आणि ते खोटं आहे असं मला वाटलंसुद्धा नाही. एकादशीला निर्जळी उपास करतानाही तीर्थ घेतोच की आपण. तीर्थ कधी कुणी पाण्यात धरलंय?

संध्याकाळी मी ताईंजवळ बसले होते. बाहेर निनाद स्वरदाला बोलत होता, तुझं लक्ष मोबाईलमध्ये असतं, आईला मारशील एक दिवस. ती हुंदके देत होती. ताईंच्या उशाशी पाण्याची बाटली होती, माझी. तिच्याकडे बघता बघता मला गुरुवारची तीर्थाची बाटली आठवली.

ताईंनी माझं मनगट धरलं. तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"सांगू नको."

मी म्हटलं, "ताई, मी तुम्हाला तीर्थ देत होते."

"पाणी होतं गं," त्या वाऱ्यासारख्या आवाजात म्हणाल्या. "गार. पातळ. त्या लापशीने माझी तहान भागत नाही."

त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मी भक्ती समजत होते ती तहान होती. सांगितलं तर ते पाणी बंद होणार होतं, न सांगितलं तर पुढचा ताप त्यांना घेऊन जाणार होता, आणि बाहेर ती पोर माझ्या वाटणीचं ऐकून घेत होती. मी मनगट सोडवून घेतलं आणि बाहेर जाऊन सांगितलं.

 निनाद म्हणाला, "मावशी, यापुढे नका आणू." स्वरदाकडे त्याला बघवेना.

ताई बऱ्या झाल्या. ताप पुन्हा आला नाही. श्रुतीने सुचवलं तसं मी तीर्थ दाट करून एकदा वाटीत नेलं. ताईंनी वाटी डोळ्यांना लावली आणि खाली ठेवून दिली. माझ्यावर रागावल्या नाहीत. येत जा, म्हणायच्या. पण दर गुरुवारी मी गेले की भिंतीकडे तोंड करून निजून राहायच्या.

असे चौदा महिने गेले. सुलभामावशींमुळे आई एवढे दिवस मिळाली, असं निनाद सगळ्यांना सांगतो.

गेल्या पौषात त्यांचं हृदय थकलं. शेवटच्या दिवशी दुपारी स्वरदा औषध आणायला गेली होती, मी एकटीच जवळ होते. ताईंनी डोळे उघडले आणि तळवा पुढे केला. स्वयंपाकघरात माठ होता, दहा पावलांवर. मी उठलेसुद्धा. मग फ्रिजवरचा कागद दिसला आणि मी परत येऊन बसले.

त्यांनी हात बराच वेळ तसाच धरला होता. शेवटी मी तो दोन्ही हातांनी मिटवला आणि पांघरुणात घातला. कोरडा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

मी बरोबर केलं, असं श्रुतीही म्हणाली. देवाला विचारायचं अजून धाडस होत नाही.